तिसऱ्या घंटेआधीची मिसळ

नाशिकमध्ये याहून चांगली मिसळ किमान पाच-सहा ठिकाणी मिळते, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे केवळ मिसळीसाठी वाट वाकडी करून येणाऱ्यांचा विरस होणार नाही. शालिमार चौकाच्या मागच्या गल्लीतले हे हॉटेल तीन पिढ्या ओळखले जाते ते तिथे बसणाऱ्यांमुळे: नाटकवाले, चित्रकार, चित्रकलेचे विद्यार्थी, आणि वाचनालयातून पुस्तक बदलून निघालेले पण घरी जायची घाई नसलेले वाचक. या मंडळींच्या खिशाची अवस्था जगजाहीर आहे. तरीही त्यांच्या नावाने ओळखले जाणारे हॉटेल इतकी वर्षे चालले कसे, याचे मला पदार्थांइतकेच कुतूहल होते, आणि म्हणून या परीक्षणात चवीच्या जोडीने हिशेबाचीही चर्चा आहे. हॉटेलचे नाव मी देत नाही, कारण मालकांची तशी विनंती आहे. नाव झाले की रविवारी बाहेर रांग लागते, रांग लागली की टेबलावर बसलेल्याला उठवावे लागते, आणि बसलेल्याला उठवायचे नाही हा या घराण्याचा जवळजवळ एकमेव नियम आहे.

जागा मोक्याची आहे, पण सर्वांसाठी नव्हे. टिळक पथावर १८४० साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय, त्याच वाचनालयाचे परशुराम साईखेडकर नाट्यगृह, आणि तिथून पायी काही मिनिटांवर महापालिकेचे महाकवी कालिदास कलामंदिर, अशा तीन वास्तूंच्या मधल्या पट्ट्यात नाशिकचा बराचसा सांस्कृतिक व्यवहार चालतो. शहराला नाटकाचे वेडही जुने आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या त्याही विजयानंद नाट्यगृहात, जॅक्सन नाटक पाहायला आले असताना. मात्र नाटक पाहणारा प्रेक्षक प्रयोग संपला की घरी जातो. हॉटेलात येऊन बसतो तो नाटक करणारा, आणि तो दुपारी दोन वाजता किंवा रात्री साडेदहाला येतो, म्हणजे नेमका जेव्हा इतर कोणी येत नाही तेव्हा. या हॉटेलच्या अर्थशास्त्राची किल्ली या वेळापत्रकात आहे.

सकाळी सात ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते सात या वेळांत इथे मेन रोडचे दुकानदार, सराफ बाजारातले कारागीर, कचेऱ्यांतले कारकून आणि बाहेरगावाहून कामानिमित्त आलेले लोक असतात. ते पटकन खातात, रोख देतात आणि निघून जातात. भट्टी, नोकर, वीज, दूध यांचा सारा खर्च हेच लोक भागवतात. दुपारी दोन ते चार या वेळेत भट्टी तापलेलीच असते, वाढपी बसून असतात आणि टेबले रिकामी असतात. अशा वेळी चार मुलांनी दोन चहांत दीड तास संहितेची पाने चाळली तर मालकाचे नुकसान होत नाही. हे औदार्य आहेच, पण ते आंधळे नाही. सध्या गल्ल्यावर बसणाऱ्या मालकांनी हे मला कसलाही आव न आणता सांगितले, आणि कलेची सेवा वगैरे शब्द त्यांनी एकदाही वापरला नाही, हे मला फार आवडले.

हॉटेल सुरू केले ते त्यांच्या आजोबांनी. ते रत्नागिरीकडून आले, दुसऱ्याच्या हॉटेलात कपबश्या विसळल्या, आणि पुढे एका वाड्याच्या तळमजल्यावरचा गाळा पागडीने, म्हणजे एकरकमी पैसे मोजून भाडेहक्काने, घेतला. यातला शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून टाकली, आणि पुढे १९९९ चा महाराष्ट्र कायदा आला तेव्हाही वाढ वर्षाला चार टक्क्यांपुरतीच राहिली. घरमालकांवर त्यामुळे अन्याय झाला, वाड्यांची दुरुस्ती थांबली, हे खरेच आहे आणि या वाड्याच्या भेगाळलेल्या भिंती त्याची साक्ष देतात. परंतु भाडे गोठलेले नसते तर दुपारची रिकामी टेबले रिकामी म्हणून सोडून देणे या कुटुंबाला परवडलेच नसते, हेही तितकेच खरे आहे.

मुंबईच्या जहांगीर कलादालनातल्या समोवार या उपाहारगृहाची आठवण इथे होणे अपरिहार्य आहे. जहांगीर १९५२ साली उघडले आणि उषा खन्ना यांनी तिथल्या लांबट, अरुंद जागेत १९६४ साली समोवार सुरू केले. जहांगीरमध्ये प्रदर्शन लावणे हे नाशिकच्या कित्येक चित्रकारांचे स्वप्न असते, आणि ज्यांचे ते पुरे झाले त्यांच्या तोंडी चित्रे किती विकली गेली यापेक्षा समोवारमधल्या पराठ्यांच्या आणि पुदिन्याच्या चहाच्या गोष्टी अधिक असतात. गिऱ्हाईक होते, नाव होते, जिव्हाळा तर अमाप होता. तरी जागेच्या वादानंतर ३१ मार्च २०१५ रोजी ते बंद झाले. याउलट कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीटवरचे कॉफी हाऊस आजही चालू आहे, कारण १९५७-५८ च्या सुमारास कॉफी बोर्डाने देशभरातली आपली उपाहारगृहे बंद करायला घेतली तेव्हा कामगारांनी सहकारी संस्था काढून ती स्वतःच्या ताब्यात घेतली. कवी, चित्रकार, दिग्दर्शक दोन्हीकडे सारखेच येत होते. कोण टिकले आणि कोण नाही हे ठरले ते जागा आणि कारभार कोणाच्या हाती होता त्यावर. आपल्याकडे अशा हॉटेलांवर लिहिताना धुराच्या वलयांचे आणि वादविवादांचे वर्णन होते, भाडेपावतीचे होत नाही.

आता उधारीच्या वहीविषयी. लाल कापडी बांधणीच्या लांबट चोपड्यांपैकी दोन मालकांनी मला पाहू दिल्या. आजोबांना गिऱ्हाइकांची नावे क्वचितच ठाऊक असत, म्हणून खाती भूमिकेवरून किंवा कामावरून मांडलेली आहेत. एका पानावर ‘दाढीवाला फौजदार’ यांच्या नावे चार चहा आणि दोन वडे आहेत, त्याखाली ‘उंच लाइटवाला’ आहे, आणि एक खाते नुसतेच ‘दुसरा राजा’ असे आहे. पहिला राजा बहुधा रोख देत असावा. राज्य नाट्य स्पर्धेचे दिवस आले की पाने भराभर भरलेली दिसतात. बक्षिसाची रक्कम हाती आली की त्यातली काही खाती एकरकमी मिटत. जी मिटत नसत त्यांच्याविषयीचा नियम मजेशीर आहे: लक्ष्मीपूजनाला नवी चोपडी पुजायची, पण नाटकवाल्यांची जुनी उधारी तीत उतरवायची नाही. दुकानदारांची उतरवायची. हा भेदभाव का, असे विचारल्यावर मालकांनी सांगितले की, दुकानदार उधारी विसरतो आणि नाटकवाला लाजेने यायचा बंद होतो. आजोबांना पैशांपेक्षा दुपारची चार डोकी गेलेली अधिक जाणवत असत. आता वही बंद झाली आहे. मोबाइलवरून पैसे देण्याची सोय आली, खिशात पैसे नाहीत असे म्हणण्याची सोय गेली.

अशा ठिकाणांविषयी एक हटकून सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे थोरामोठ्यांची उठबस. कुसुमाग्रज १९९९ साली निधन होईपर्यंत नाशिकचेच होते, वसंत कानेटकर इथेच राहून लिहीत होते, त्यामुळे शहरातल्या प्रत्येक जुन्या चहाच्या दुकानात तात्यासाहेबांची, म्हणजे कुसुमाग्रजांची, खुर्ची दाखवणारा एक तरी माणूस भेटतो. इथले मालक तसा दावा करीत नाहीत. कोणी मोठे लेखक येऊन गेले असतील तर आजोबांनी ओळखले नसेल, एवढेच ते म्हणतात. ज्यांनी हे हॉटेल खरोखर वापरले ते पडद्यामागचे लोक होते: नेपथ्य उभारणारे, कपडेपटवाले, ध्वनिसंयोजन करणारे, एकाच प्रवेशासाठी रंग लावून दोन तास विंगेत बसणारे. मुंबई-पुण्याहून येणाऱ्या नाटकांच्या बसचे चालकही जुने गिऱ्हाईक. प्रयोग संपला, सेट उतरवून बसच्या टपावर चढला की परतीच्या वाटेला लागण्याआधी त्यांना पोटात काहीतरी हवे असते, आणि त्या वेळी या गल्लीत दुसरे काही उघडे नसते.

पदार्थांकडे वळतो. मिसळ मटकीची आहे, रस्सा काळ्या मसाल्याचा आहे, वर जाड शेव, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड, आणि शेजारी पापड व दह्याची लहान वाटी. म्हणजे मांडणी अस्सल नाशिकची आहे. चव मात्र सौम्य आहे. कांदा-खोबरे पुरेसे काळसर होईपर्यंत भाजलेले लागत नाही, तर्री मागावी लागते, आणि मागितली तरी ओगराळ्याने हात आखडून वाढली जाते. झणझणीत खाऊन कपाळावरचा घाम पुसण्याची ज्यांना सवय आहे त्यांना ती आजारी माणसासाठी केल्यासारखी वाटेल. घरातली कथा अशी की, संगीत नाटकांत गाणाऱ्यांनी तिखटाने घसा बसतो अशी तक्रार केली, आणि तिसऱ्या घंटेआधी खाल्लेली मिसळ दुसऱ्या अंकात वर येऊ नये म्हणून आजोबांनी मसाला कायमचा कमी केला. माझा यावर निम्माच विश्वास आहे. रत्नागिरीच्या माणसाला काळा मसाला मनापासून जमला नसावा, हे उरलेल्या निम्म्याचे स्पष्टीकरण. उसळ मात्र निर्दोष असते. मोड बोटाच्या पेराएवढे लांब होऊ दिलेले नसतात, दाणा शिजतो पण फुटत नाही, आणि तळाला गाळ साचत नाही. पाव दुपारनंतर शिळसर लागतो. शहराबाहेरच्या मळ्यांत चुलीवरच्या मिसळीसोबत झोपाळा, गुलाबजाम आणि द्राक्षबागेतले फोटो मिळतात, त्यांच्या तुलनेत इथला दर निम्म्याहून थोडा अधिक आहे. झोपाळा नको असेल तर व्यवहार वाईट नाही.

बटाटावडा मोठा आणि फुसका आहे. साबुदाणावडा गुरुवारी आणि एकादशीला मिळतो, तो बरा असतो. चहा दूध आटवून, आले ठेचून आणि साखर सढळ हाताने घालून केलेला. पावसाळ्यात त्यात गवती चहाची पात पडते तेव्हाच तो मला मनापासून आवडतो. या यादीवरून हे हॉटेल सामान्य ठरेल, आणि दडपे पोहे नसते तर ते खरोखरच सामान्य ठरले असते.

दडपे पोहे नाशिकच्या हॉटेलांत सहसा दिसत नाहीत, आणि इथेही ते फळ्यावर लिहिलेले नसतात. पातळ पोहे निवडून परातीत घ्यायचे, त्यांत ओल्या नारळाचा चव, बारीक चिरलेला कांदा, मीठ, चिमूटभर साखर आणि लिंबाचा रस हाताने कालवायचा, त्याच नारळाचे पाणी शिंपडायचे आणि वर जड ताट उपडे घालून थोडा वेळ तसेच ठेवायचे, म्हणजे पोहे त्या ओलाव्यात आपोआप मऊ होतात. शेवटी मोहरी, हिंग, हळद, हिरवी मिरची आणि शेंगदाण्यांची फोडणी वरून ओतायची. इथे त्यावर तळलेला पोह्याचा पापड चुरून टाकतात आणि तो वाढण्याच्या क्षणीच चुरतात, त्यामुळे पहिले चार घास कुरकुरीत आणि पुढचे मऊ लागतात. नारळ ताजा खवलेला असतो, खोबऱ्याच्या पाठीचा तपकिरी भाग चवात येऊ दिलेला नसतो, आणि कांदा कच्चा असूनही उग्र लागत नाही, कारण तो चिरून लगेच कालवला जातो. ही बशी मी नाशिकमधल्या उत्तम खाण्यांत निःसंकोच धरतो.

हा पदार्थ इथे टिकला त्याचे कारणही त्या वेळापत्रकातच आहे. रात्री साडेनऊनंतर भट्टी विझवतात. ती पुन्हा पेटवायची तर इंधनही जाते आणि माणूसही अडकतो. दडप्या पोह्यांना मोठी आच लागत नाही. फोडणीपुरता लहान स्टोव्ह पुरतो. त्यामुळे तालीम आटोपून साडेदहाला आलेल्यांना, शटर अर्धे खाली ओढलेले असताना, देता येण्याजोगा हा एकमेव ताजा पदार्थ होता. कोकणातल्या घरांतली न्याहारी नाशिकच्या नाटकवाल्यांचे रात्रीचे जेवण झाली ती अशी, आणि दिवसा येणाऱ्या गिऱ्हाइकाला ती आजही ठाऊक नसते.

भिंतींवरची चित्रे पाहायला म्हणून येणारे पुष्कळ आहेत, म्हणून त्यांच्याविषयी स्पष्ट लिहितो. ती बहुतेक जलरंगातली आहेत, आणि बहुतेक गोदाघाटाची: रामकुंड, नारोशंकराचे देऊळ, पायऱ्यांवर वाळत घातलेली लुगडी, पुलाखालची सावली. नाशिकला घाटावर बसून जागेवरच जलरंगात चित्र पुरे करण्याची परंपरा आहे, शिवाजी तुपे यांच्यासारख्या चित्रकारांनी ती नावारूपाला आणली, आणि रविवारी सकाळी आजही विद्यार्थी बोर्ड मांडीवर घेऊन तिथे बसलेले दिसतात. या भिंतीवर आहेत ती मात्र विद्यार्थिदशेतली कामे आहेत, उधारी फेडण्यासाठी किंवा नुसतीच प्रेमाने दिलेली. त्यांतली दोन-तीन खरोखर चांगली आहेत. गल्ल्याच्या डावीकडच्या चित्रात पाण्यावरचा उजेड कागद कोरा सोडून दाखवला आहे, आणि तो हात ज्याचा आहे त्याने पुढे काम सोडले नसेल अशी आशा वाटते. बाकीची हौसेची आहेत.

त्यांची निगा मात्र कोणी घेत नाही. जलरंगातल्या कागदाला वाफ आणि तेलकट धूर सोसत नाही, आणि निम्मी चित्रे भट्टीच्या वाटेवर टांगलेली आहेत. काच थेट कागदाला टेकवून चौकटी केल्या आहेत, त्यामुळे ओल आत कोंडते. काही ठिकाणी कागद काचेला चिकटला आहे, काही ठिकाणी बुरशीचे तांबूस ठिपके आकाशात पसरले आहेत आणि पाहणाऱ्याला ते पक्षी वाटतात. चित्र आणि काच यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची माउंट घालून अंतर ठेवणे, आम्लरहित पुठ्ठा वापरणे, आणि चित्रे दारालगतच्या कोरड्या भिंतीवर हलवणे, एवढ्याने पुष्कळ वाचेल. मी हे मालकांना सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि चहा मागवला. ज्यांची चित्रे तिथे आहेत आणि जे आता बऱ्यापैकी कमावतात, त्यांनी एकत्र येऊन हा खर्च उचलायला हरकत नाही. वहीतली जुनी खाती त्यांच्याच नावावर आहेत.

बायकांच्या दृष्टीने या हॉटेलचा इतिहास निराळा आहे आणि तो कमी गोड आहे. पूर्वीच्या मराठी हॉटेलांत असे तशी इथेही लाकडी फळ्यांची आणि पडद्याची फॅमिली रूम होती, आणि नाटकात काम करणाऱ्या मुलींनी तालमीनंतर तिथेच बसावे असा रिवाज होता. म्हणजे रंगमंचावर नायकासमोर उभी राहणारी नटी हॉटेलात पडद्याआड बसून चहा पीत असे आणि बाहेरच्या टेबलावरची चर्चा फळीला कान लावून ऐकत असे. ती खोली सध्याच्या मालकांच्या पत्नीने काढून टाकायला लावली. आता नऊनंतर स्वयंपाकघर त्याच पाहतात, आणि उशिरापर्यंत बसणाऱ्यांत मुलींची संख्या मुलांच्या बरोबरीने असते. तरीही स्वच्छतागृह अजून एकच आहे, ते मागच्या बोळात आहे, आणि रात्री तिथे दिवा नसतो. तीन पिढ्या कलावंतांचे म्हणवणाऱ्या ठिकाणाला ही उणीव शोभत नाही, आणि यासाठी भाडेनियंत्रण कायद्याची सबब चालणार नाही.

इतर तक्रारी किरकोळ आहेत. हात धुण्याच्या जागी पाणी करंगळीएवढे येते, पंखे आवाज करतात, संगमरवरी टेबलांपैकी एकाचा पाय डगमगतो आणि त्याखालची कागदाची घडी बदलण्याचे काम गिऱ्हाइकाकडेच असते. वाढपी जुने आहेत, दोनदा हाक मारावी लागते, पण मागितलेला पदार्थ चुकत नाही.

वाड्याच्या पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. जुन्या नाशकातले वाडे दर पावसाळ्यात कुठे ना कुठे ढासळतात, त्यामुळे घरमालकाला दोष देता येत नाही. नव्या इमारतीत गाळा मिळेल असे तोंडी ठरले आहे. कागद अजून झालेला नाही. माझ्या मते मालकांनी सत्कार आणि मानपत्रे स्वीकारण्याआधी चांगला वकील गाठावा, आणि नाटकवाल्यांत वकिलांची वाण नाही.

जायचे असेल तर सोमवार टाळावा, त्या दिवशी बंद असते. कालिदासला किंवा साईखेडकरला रात्रीचा प्रयोग असेल तर सात ते नऊ या वेळेत जागा मिळत नाही. दुपारी तीनला गेल्यास हवे तितका वेळ बसता येते, पण तेव्हा फक्त चहा आणि सकाळचा वडा उरलेला असतो. दडपे पोहे साडेनऊनंतर मागावेत. नारळ संपला असेल तर ते करत नाहीत, आणि सुके खोबरे घालून द्या असा आग्रह धरू नये.